समुद्राकडून हातउसनी घेतलेली मुंबई

शेजारणीकडून वाटीभर साखर हातउसनी आणावी, तशी मुंबईनं समुद्राकडून जमीन आणली. आधी एक वाटी, मग दुसरी, मग मोजणंच सुटलं. जिथे होड्या चालायच्या तिथे आज बेस्टच्या बसगाड्या धावतात, आणि जिथे कोळी पाग टाकायचे तिथे माणसं पंचविसाव्या मजल्यावर चहा पितात. साडेतीनशे वर्षांच्या या देवघेवीचे हे काही मासले. वाचता वाचता आपल्या पायाखाली काय आहे याचा अंदाज घेत चला.

सात बेटं, एका दमात

कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी, माहीम. ही ती सात बेटं. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरिन यांच्या लग्नाचा करार १६६१ मध्ये झाला आणि त्यात मुंबई आंदण म्हणून गेली. १६६८ मध्ये राजानं ती ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकली. भाडं किती? वर्षाला दहा पौंड! तेव्हा ही बेटं दिवसातून दोनदा एकमेकांपासून तुटायची आणि दोनदा जवळ यायची. भरतीला मध्ये पाणी, ओहोटीला मध्ये चिखल.

ती मुंबई अजून बघता येते

हाजी अलीला जा. भरती चढली की दर्ग्याकडे जाणारी वाट पाण्याखाली जाते, ओहोटी लागली की पुन्हा वर येते. पूर्वी एका बेटावरून दुसऱ्यावर जाणाऱ्यांचा दिवस असाच चालायचा. घड्याळात किती वाजले यापेक्षा पाणी कुठवर आलंय हे आधी बघायचं. दर्ग्याच्या वाटेवर उभं राहून पाणी उतरायची वाट बघणारा माणूस अठराव्या शतकातल्या मुंबईकरासारखाच उभा असतो.

पाणी गेलं, नावं राहिली

पायधुणी: खाडीचं पाणी ओलांडून आलेला माणूस तिथे पाय धुवायचा. उमरखाडी: उंबर आणि खाडी. आज तिथे खाडीही दिसत नाही. शीव: बेटाची हद्द. वडाळ्यात वड, चिंचपोकळीत चिंच, परळमध्ये पाडळ, बाबुलनाथला बाभूळ. फोरास रोडचं नाव तर चक्क एका कराचं आहे. समुद्राकडून मिळवलेल्या खारट जमिनीवर जो सारा भरावा लागे, तो फोरास. टेकड्या फोडून खाड्या बुजवल्या, कचरा टाकून दलदली भरल्या. नकाशा पार बदलला. पण लोकल पकडताना आपण रोज त्या हरवलेल्या झाडांची आणि खाड्यांची नावं घेतो.

देवी वर आली, मग बांध टिकला

महालक्ष्मी आणि वरळी यांच्यामध्ये मोठं खिंडार होतं. भरतीचं पाणी तिथून आत घुसायचं आणि थेट भायखळ्याच्या बाजूचे सखल भाग बुडवायचं. हे खिंडार बुजवायचा चंग गव्हर्नर विल्यम हॉर्नबीनं बांधला. बांध पुरा झाला १७८४ च्या सुमारास.

त्याची आख्यायिका घरोघरी सांगितली जाते. बांध घालावा आणि तो ढासळावा, असं पुन्हा पुन्हा होत होतं. कामावरच्या रामजी शिवजी या पाठारे प्रभू गृहस्थांच्या स्वप्नात देवी आली. समुद्राच्या तळाशी मी आहे, मला वर काढ, म्हणाली. मूर्ती सापडल्या, त्यांची स्थापना झाली आणि बांध टिकला. तेच आजचं महालक्ष्मी मंदिर. खरी गंमत मला या कथेच्या भावात वाटते. समुद्राची जागा घ्यायची तर आधी समुद्रात आहे त्याचा मान राखायचा, हे त्या काळच्या लोकांना सांगावं लागत नव्हतं. हा बांध म्हणजेच हॉर्नबी वेलार्ड. वेलार्ड हा शब्द पोर्तुगीजवरून आलेला, अर्थ बांध. त्यावरच्या रस्त्याचं आजचं नाव लाला लजपतराय मार्ग.

एका बाईंच्या पैशातून रस्ता

माहीम आणि वांद्रे यांच्यामधली खाडी होडीनं ओलांडावी लागे आणि होड्या बुडत. सरकारनं हात आखडता घेतला तेव्हा लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभॉय पुढे आल्या. त्यांनी १ लाख ५७ हजार रुपये दिले. अट एकच: या रस्त्यावर टोल घ्यायचा नाही! १८४५ मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला. दादर-माहीमचा एल. जे. रोड म्हणजे लेडी जमशेटजी रोड, तो यांच्याच नावाचा.

खोदलं पाण्यासाठी, सापडलं जंगल

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात माझगावच्या बाजूला प्रिन्सेस डॉक खणायला घेतली. चिखल उपसता उपसता खाली झाडांचे बुंधे लागले. एक-दोन नव्हेत, शेकडो! त्यातले कित्येक मुळांसकट जागच्या जागी उभे. झाडं खैराची होती. म्हणजे कधी काळी तिथे जमीन होती, खैराचं रान होतं, आणि ती जमीन खचून समुद्राखाली गेली होती. माणूस समुद्राकडून जमीन घेतो तशी समुद्रही माणसाला न विचारता घेऊन जातो, याचा हा लाकडी पुरावा.

पुढे अलेक्झांड्रा डॉक खणली. तिच्यातून निघालेल्या दगडमातीच्या भरावावर आखीवरेखीव बॅलार्ड इस्टेट उभी राहिली. तिचे वास्तुकार जॉर्ज विटेट. गेटवे ऑफ इंडियाही त्यांचाच, आणि तोही भरावावरच.

कापूस चढला, समुद्राला भाव आला

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस अडला, इंग्लंडच्या गिरण्या मुंबईच्या कापसावर आल्या आणि गावात पैशाचा पूर लोटला. तो पैसा कुठे गुंतवायचा? समुद्र भरणाऱ्या कंपन्यांत! बॅक बे कंपनीचे शेअर जमीन दिसण्याआधीच आकाशाला भिडले. १८६५ मध्ये युद्ध संपलं, कापूस कोसळला, कंपन्या बुडाल्या आणि त्यांच्याबरोबर असंख्य घरं बसली. या सगळ्या उलाढालीचे बादशहा प्रेमचंद रायचंद. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्यांच्या देणगीतून उभा राहिला. राजाबाई हे त्यांच्या आईचं नाव.

त्या फसलेल्या खटाटोपातून किनाऱ्याची एक चिंचोळी पट्टी तेवढी हाती लागली आणि तिच्यावरून रेल्वे गेली. १९३० च्या अखेरपर्यंत गाडीचा प्रवास चर्चगेटला संपत नसे. ती पुढे कुलाब्याला जायची!

भरावाविरुद्ध लढला, भरावाला त्याचं नाव

१९२० च्या दशकात गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या सरकारनं बॅक बेचा समुद्र भरायचा घाट पुन्हा घातला. खर्च फुगत गेला, भराव वाहून जात राहिला. खुर्शेद फ्रामजी नरिमन या वकिलानं यातला गैरकारभार जाहीरपणे चव्हाट्यावर आणला. चिडलेल्या इंजिनिअरनं अब्रूनुकसानीचा खटला भरला आणि नरिमन तो जिंकले. ठरवलेल्या जमिनीपैकी निम्मीसुद्धा हाती आली नाही. आली तिच्यावर मरीन ड्राइव्ह आणि तिथल्या गोलाईदार आर्ट डेको इमारती उभ्या राहिल्या. २०१८ मध्ये त्या युनेस्कोच्या जागतिक वारशात गेल्या. पुढच्या काळात भरलेल्या टोकाला नाव मिळालं नरिमन पॉइंट. समुद्राच्या पैशाचा हिशेब मागणाऱ्या माणसाचं नाव देशातल्या सर्वांत महाग जमिनींपैकी एकीला लाभलं, याचा मला फार आनंद वाटतो.

चार पायांचा पहारेकरी

मरीन ड्राइव्हच्या कठड्याखाली जे तिरपेतारपे सिमेंटचे ठोकळे दिसतात ते टेट्रापॉड. १९५० मध्ये फ्रान्समध्ये त्यांचा शोध लागला. सरळ भिंतीवर लाट आपटली की भिंतीला हादरा बसतो. टेट्रापॉडच्या ढिगात लाट शिरते, फाटे फुटून विखुरते आणि तिचा जोर आतल्या आत जिरतो. पाय एकमेकांत अडकलेले असल्यामुळे ढीग सहसा हलत नाही. भांडण अंगावर न घेता वाटून टाकायचं, हे त्याचं तंत्र.

तिथी सांगा, भरती सांगतो

किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना भरतीचं वेळापत्रक छापून लागत नसे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमी? आठाची पाऊणपट सहा. सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमा? पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे दुपारी आणि मध्यरात्री, साडेअकरा-बाराच्या आसपास. हिशेब ढोबळ आहे, पण मुंबई-कोकणच्या किनाऱ्यावर जमतो. पौर्णिमा-अमावास्येला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. आजही महापालिका पावसाळ्याआधी साडेचार मीटरवरच्या भरतीचे दिवस जाहीर करते. त्या यादीवर नजर टाका, बहुतेक तारखा पुनवेच्या आणि अवसेच्या आगेमागे सापडतील.

पाणी जुना पत्ता विसरत नाही

हिंदमाता चौकात पाणी तुंबलं ही बातमी आपण लहानपणापासून ऐकतो. कारण साधं आहे. बेटांच्या मधल्या खळग्यांत भराव पडला, पण खळगा खळगाच राहिला. वरून पाऊस आणि समोरून भरती एकाच वेळी आली की नाल्यातलं पाणी समुद्रात जाणार कसं? समुद्रच उंच असतो! म्हणून हाजी अली, लव्ह ग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर अशा ठिकाणी प्रचंड पंप बसवावे लागले. आता हिंदमाताजवळच्या मैदानांखाली टाक्या बांधल्या आहेत. पावसाचं पाणी त्यांत थांबतं आणि ओहोटी लागली की समुद्राकडे निघतं. तळी करायची तीच गोष्ट, फक्त जमिनीखाली.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदी फुगली आणि आपल्या जुन्या अंथरुणावर पसरली. ते अंथरूण म्हणजे माहीमच्या खाडीलगतची दलदल, तिवरांची राई, खाजणं. त्यांतल्या मोठ्या भागावर एव्हाना वांद्रे-कुर्ला संकुल, वस्त्या आणि रस्ते होते. त्या रात्री गळाभर पाण्यातून घरी चालत गेलेल्या माणसाला खाजण कशाला हवं हे कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही.

जमीन घडवणारं झाड

आता थोडं चिखलात उतरू. ऐरोलीच्या खाडीकाठी लाकडी पुलावरून चालताना तिवराची फांदी अगदी हाताशी येते. पान जाडसर, वरून हिरवं, खालून पांढुरकं. उन्हात तिरपं धरलं तर त्याच्यावर बारीक चमक दिसते. मी बोट फिरवून जिभेला लावलं. मीठ! तिवराचं झाड खारं पाणी पितं आणि जास्तीचं मीठ पानातून बाहेर टाकतं.

खाली बघा. चिखलातून पेन्सिलीच्या टोकांसारख्या हजारो काड्या सरळ वर आल्यात. ती मुळं आहेत, आणि ती खाली जायचं सोडून वर आली आहेत. भरतीच्या चिखलात हवा नसते, म्हणून झाड मुळांची नाकं बाहेर काढतं. याच काड्यांमध्ये भरतीच्या पाण्याचा वेग मंदावतो, गाळ खाली बसतो आणि किनारा धरला जातो. त्यांच्यामधून निवटी टणकन उडी मारते. मासा असून ही चिखलावर चालते! बाजूच्या बिळातून चिंबोरी डोळे रोखते. कोलंबीची पिल्लं इथेच मोठी होतात. इथली राई तोडली की कोळणीच्या पाटीतला वाटा कमी होतो.

कंत्राटदारानं घातलेला भराव लाट नेऊ शकते. तिवरानं धरलेला गाळ लाट सहसा नेत नाही. ना निविदा, ना बिल! राईत रात्री सोनेरी कोल्हेही फिरतात, मुंबईत, चेंबूर-विक्रोळीच्या काठाला.

कोर्टानं काठ धरला

तिवरांवर राडारोडा टाकून रातोरात जमीन करायची, हा धंदा वर्षानुवर्षं चालला. २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं तो रोखला. राज्यभर तिवरं तोडायला बंदी, आणि तिवरांपासून ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकामाला मनाई. २०१८ च्या निकालात न्यायालयानं आणखी पुढचं पाऊल टाकलं: कांदळवनाचा, म्हणजे तिवरांच्या राईचा, नाश म्हणजे नागरिकांच्या मूलभूत हक्काचा भंग. २०१२ मध्ये वनखात्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष सुरू झाला. २०२० मध्ये पांढरी चिप्पी ही 'राज्य कांदळवृक्ष' ठरली. असा मान देणारं महाराष्ट्र पहिलं राज्य. चिप्पीचं पांढरं, झुबकेदार फूल रात्री उमलतं. शहर झोपलेलं असतं तेव्हा.

गुलाबी पाहुणे

हिवाळा सरता सरता शिवडीच्या चिखलावर गुलाबी रेघ उमटते. रोहित पक्षी! चोच उलटी धरून, डोकं खाली घालून ते चिखलाचं पाणी गाळतात आणि त्यातलं शेवाळ, बारीक जीव वेचतात. त्या अन्नातल्या रंगद्रव्यानंच त्यांची पिसं गुलाबी होतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या गणतीत ठाणे खाडीतल्या रोहितांचा आकडा लाखाच्या वर गेला आहे. शिवडीच्या जेट्टीवर ओहोटीला उभं राहिलं की आधी त्यांचा कलकलाट ऐकू येतो. दूरच्या जत्रेसारखा. मग धुक्यातून पाय दिसतात, मग रंग. मागे तेलकंपन्यांच्या टाक्या, डोक्यावर अटल सेतू, आणि मध्ये हे.

२०१५ मध्ये ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर झालं, १,६९० हेक्टरचं. २०२२ मध्ये ते रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांत दाखल झालं. महाराष्ट्रात त्याआधी हा मान होता फक्त नांदूर मधमेश्वर आणि लोणारला.

उकिरड्याचं रान

धारावीला लागून, मिठीच्या काठी शहराचा कचरा टाकायची जागा होती. वर्षानुवर्षांचा ढीग. त्याच्यावर माती पसरली, झाडं लावली, पाणी घातलं, आणि १९९४ मध्ये तिथे महाराष्ट्र निसर्ग उद्यान खुलं झालं. सुमारे ३७ एकर. आज तिथे फुलपाखरं मोजायला शाळेची पोरं येतात. भरावावर फक्त टॉवर उभे राहू शकतात असं म्हणणाऱ्याला हात धरून इथे आणावं.

प्रवाळांचं घर हललं, कोळ्यांचं बंदर उघडं राहिलं

मुंबईच्या समुद्रात प्रवाळ आहे, हे बऱ्याच मुंबईकरांना किनारी रस्त्याचं काम निघाल्यावर कळलं! वरळी-हाजी अलीच्या खडकांवरच्या प्रवाळांच्या १८ वसाहती २०२० मध्ये उचलून दुसरीकडे बसवाव्या लागल्या. 'मरीन लाइफ ऑफ मुंबई'ची मंडळी ओहोटीला लोकांना याच खडकांवर फिरायला नेतात आणि डबक्यातला ऑक्टोपस, समुद्रफुलं दाखवतात.

त्याच रस्त्यावर वरळी कोळीवाड्यानं एक साधी मागणी लावून धरली: दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर ठेवताय, वाऱ्यालाटेत होड्या आपटतील. अंतर वाढवा. कोळी अडून बसले, आणि अंतर १२० मीटरपर्यंत वाढलं. समुद्राची रुंदी कुणाला कळते, हे एकदाचं कागदावर आलं.

गोव्याची शहाणी भिंत

जमीन मिळवायची आणखी एक रीत आपल्याच किनाऱ्यावर आहे. गोव्यातल्या खाजन शेतीत बांध घालतात आणि त्यात ठेवतात 'मानस', म्हणजे लाकडी झडपांचं दार. भरतीचं पाणी रेटा देतं, दार मिटतं. ओहोटी लागते, आतलं पाणी ढकलतं, दार उघडतं. ना वीज, ना पंप. आत खारं सोसणारा कोरगुट भात पिकतो, बाहेर मासे मिळतात. समुद्राला दारात थांबवलंय, पण त्याचं येणं-जाणं बंद केलेलं नाही.

कचरा उचलला, कासव आलं

२०१५ मध्ये वकील अफरोज शाह वर्सोव्याच्या किनाऱ्यावरचा कचरा उचलू लागले. मग शेजारी आले, मग अनोळखी माणसं, मग हजारो हात. २०१८ मध्ये त्याच वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्लं समुद्राकडे चालत गेली. बांधकाम नव्हे, निधी नव्हे, फक्त वाळू मोकळी केली होती.

आणि वाटीचं काय?

भरावाला मुंबईकर सर्रास 'रेक्लमेशन' म्हणतात. वांद्र्याला त्या नावाचा बसस्टॉपही आहे. पण त्या इंग्रजी शब्दाचा अर्थ होतो, आपलं होतं ते परत मिळवणं. मराठीत आपण नुसतं 'भराव' म्हणतो, आणि ते खरं आहे. समुद्राचं होतं, आपण भरलं. आता ते उपसून परत देता येणार नाही. लाखो माणसांचे संसार त्याच्यावर उभे आहेत, ते सुखानं नांदोत.

पण शेजारणीची वाटी रिकामी परत करत नाहीत, ही आपल्याकडची रीत. साखर आणली तर परतफेडीत चार लाडू तरी ठेवायचे. मुंबईकडे समुद्राच्या वाटीत घालायला अजून बरंच आहे. शिवडीचा चिखल आहे, भांडुपची मिठागरं आहेत, ऐरोलीची तिवरं आहेत, हाजी अलीची डबकी आहेत. ती जिथे आहेत तिथे, जशी आहेत तशी राहू देणं, हेच ते चार लाडू.